जांगलदेशातली बाग

शहरातल्या बागेच्या फाटकातून आत शिरल्यावर दहाव्या पावलापर्यंत सगळी बाग पाहून झालेली असते. मधोमध हिरवळीचा चौकोन, त्याभोवती फरशीची फेरी, कडेला छाटलेले ड्युरांटाचे कुंपण, एका कोपऱ्यात घसरगुंडी आणि दुसऱ्यात व्यायामाची लोखंडी यंत्रे. दुसऱ्या फेरीत नवे काही भेटत नाही, म्हणून फेऱ्या मोजाव्या लागतात. जंगलात फेऱ्या मोजणारा माणूस सापडणार नाही. तिथे वाट वळते, झुडपाआड जाते, पुढचे दिसेनासे होते. कसला तरी आवाज येतो आणि तो कसला हे कळायला थांबावे लागते. पायाखाली कधी पाचोळा, कधी खडी, कधी मऊ माती लागते. हे सारे शहरातल्या सार्वजनिक जागेत आणता येते का, आणि आणायचेच तर ते कोणत्या जंगलातून आणायचे, या प्रश्नावर उद्यान आखणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत बराच विचार केला आहे. प्रश्नाच्या पहिल्या भागाला जगभर उत्तरे मिळाली. दुसऱ्या भागाचे सगळ्यात स्पष्ट उत्तर राजस्थानातल्या वाळूत आणि खडकात सापडते.

जयपूरच्या पश्चिमेला झोटवाडा आणि वैशाली नगर यांच्या शेजारी, लष्करी छावणीला लागून खातीपुरा ही वस्ती आहे. (याच नावाचे रेल्वे स्थानक मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, बांदीकुईकडे जाणाऱ्या मार्गावर आहे, नवख्या प्रवाशाची फसगत ठरलेली.) राजस्थानात खाती म्हणजे सुतार. गावाच्या नावात लाकूडकाम आहे आणि जमिनीत वाळू. अरवलीच्या पश्चिमेकडून येणारा वारा शतकानुशतके वाळू वाहून आणतो आणि डोंगर आडवा आला की पायथ्याशी टाकून देतो. नाहरगडच्या पश्चिम उताराखाली वाळूच्या टेकड्या तयार झाल्या त्या अशा. खातीपुऱ्याहून दहा किलोमीटरच्या आत, विद्याधर नगरच्या अंगाला, यातल्याच काही टेकड्यांवर किशनबाग हे उद्यान उभे आहे. वसाहतीतली चौकोनी बाग आणि किशनबाग यांच्यातले अंतर तेवढेच; कल्पनेतले अंतर पुष्कळ मोठे.

जंगलात गेल्यावर माणसाला बरे वाटते, ही गोष्ट सांगायला संशोधनाची गरज नव्हती. का बरे वाटते, हे सांगायला मात्र होती. अमेरिकेतले रॉजर उलरिक यांनी १९८४ साली सायन्स या नियतकालिकात एक छोटा निबंध छापला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणाऱ्यांना घरी लवकर सोडले गेले आणि वेदनाशामक औषधांचे कडक डोस त्यांना कमी लागले. जपानच्या वनखात्याने त्याआधीच, १९८२ मध्ये, ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नान हा शब्द रूढ केला होता. रेचेल आणि स्टीफन कॅपलन या दांपत्याने १९८९ च्या ग्रंथात त्यामागची कारणे मांडली. शहरात माणसाला लक्ष सतत बळेच एकवटावे लागते. रस्ता ओलांडायचा, फोन घ्यायचा, पाटी वाचायची. जंगलात लक्ष आपसूक गुंतते, हलत्या पानात, मुंग्यांच्या रांगेत, आणि या गुंतण्याचा शीण होत नाही. पण त्यासाठी जागेत काही गुण हवेत, असे कॅपलन सांगतात. रोजच्यापासून दूर आल्यासारखे वाटले पाहिजे, जागेला विस्तार असला पाहिजे, निदान तसा भासला पाहिजे, आणि तिथे जे करावेसे वाटते ते करता आले पाहिजे.

विस्तार भासला पाहिजे, या शब्दांत उद्यानरचनेची निम्मी विद्या आहे. एका एकराची बागही मोठी वाटू शकते, जर तिचा शेवट कुठूनच दिसत नसेल. वाट सरळ न नेता वळवली, वळणावर झुडपांचा आडोसा ठेवला, जमिनीला दोन हात उंचसखलपणा दिला, की तीच जागा पाय आणि डोळे दोघांनाही लांब वाटते. इंग्रज भूगोलतज्ज्ञ जे अ‍ॅपलटन यांनी १९७५ मध्ये आणखी एक मुद्दा मांडला. माणसाला अशी जागा आवडते जिथून त्याला दूरवर दिसते, पण तो स्वतः सहज दिसत नाही. पाठीला झाड आणि समोर उघडा माळ. मराठी गुराखी दुपारची जागा याच हिशेबाने निवडत आला आहे. बागेतली बाके मात्र बहुतेक वेळा याच्या उलट बसवलेली असतात, पाठीशी रस्ता आणि समोर भिंत.

इथपर्यंतची तत्त्वे कुठल्याही शहराला लागू पडतात. अडचण पुढे येते, कारण ‘जंगल’ म्हटल्यावर जवळजवळ सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. दाट, ओले, काळोखे, वेलींनी गुंतलेले. कोकणातल्या किंवा पश्चिम घाटातल्या माणसाला ते चित्र साजेल. जयपूरला ते साजत नाही, आणि गंमत म्हणजे खुद्द ‘जंगल’ या शब्दालाही ते साजत नाही. संस्कृतात ‘जांगल’ म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा, कमी पाण्याचा प्रदेश. आयुर्वेदाने देशाचे प्रकार सांगताना त्याला ‘आनूप’ म्हणजे पाणथळ प्रदेशाच्या समोर ठेवले आहे. चरकसंहितेत जांगल देशातल्या झाडांची नावे येतात त्यांत खैर, धावडा, सालई, बोर आणि शमी आहेत. वाळवंटाच्या कडेला आजही हीच मंडळी किंवा त्यांचे सख्खे भाऊबंद उभे आहेत. बिकानेरचा मुलूख पूर्वी जांगलदेश म्हणूनच ओळखला जाई आणि तिथल्या राजांच्या बिरुदात ‘जंगलधर बादशाह’ हे शब्द होते. इंग्रजीत गेल्यावर शब्द ओला झाला आणि त्याच ओल्या अर्थाने आपल्याकडे परत आला. जयपूरमध्ये वनानुभवाची बाग करायची तर शब्दाचा जुना अर्थ शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.

राजस्थानी बोलीत या मोकळ्या रानाला ‘रोही’ म्हणतात. विदर्भातल्या वाचकाला हा शब्द ऐकून नीलगाय आठवेल, आणि ते फारसे चुकीचे होणार नाही, कारण नीलगाय रमते ती अशाच रानात. रोहीत झाडे एकमेकांना खेटून उभी नसतात. मध्ये गवत असते, झुडपे असतात, उघडी वाळू असते. जयपूरभोवतीच्या अरवलीच्या खडकाळ उतारांवर धोक हे झाड जवळपास एकट्याने राज्य करते. महाराष्ट्रातल्या धावड्याचा तो जवळचा नातलग, बुटका आणि झुकत्या फांद्यांचा. हिवाळ्यात त्याची पाने तांबूस होतात, मग गळतात. वैशाखात सगळा डोंगर वाळक्या काटक्यांचा दिसतो आणि पहिल्या पावसानंतर थोड्याच दिवसांत हिरवा होतो. पायथ्याच्या वाळूत खेजडी, रोहिडा, कैर, पीलू, हिंगोट, कुमठ, खींप आणि फोग. यांतली खेजडी म्हणजे आपली शमी. महाराष्ट्रात दसऱ्याला सोने म्हणून लुटली जाणारी पाने आपट्याची असतात, शस्त्रे ठेवल्याची कथा शमीची. कैर म्हणजे नेपती, हिंगोट म्हणजे हिंगणबेट. सोलापूर-अहिल्यानगरच्या माळावर वाढलेल्या माणसाला या रानात परके वाटणार नाही.

या रानाची बाग होऊ शकते हे आधी जोधपूरने दाखवले. मेहरानगड किल्ल्याभोवतीचा उतार ज्वालामुखीतून घडलेल्या र्‍हायोलाइट खडकाचा आहे आणि त्यावर विलायती बाभळीचे साम्राज्य होते. हे मध्य अमेरिकेकडचे झाड. १९३० च्या दशकात जोधपूर संस्थानात त्याचे बी विमानातून पेरले गेले. ओसाड जमीन हिरवी करणे हा हेतू होता आणि तो गरजेपेक्षा जास्त सफल झाला. मारवाडात या झाडाला ‘बावळिया’ म्हणतात, म्हणजे वेडा. महाराष्ट्रात तिला ‘वेडी बाभूळ’ म्हणतात. सहाशे-सातशे किलोमीटर अंतरावरच्या दोन भाषांनी एका झाडाचे निदान एकच केले, ही नोंद वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात जायला हरकत नाही. ती तोडली तर बुंध्यातून पुन्हा फुटते, गुरे शेंगा खातात आणि शेणातून बी सगळीकडे जाते, तिच्या सावलीत दुसरे काही वाढत नाही.

२००६ मध्ये मेहरानगड म्युझियम ट्रस्टने हा सुमारे ७० हेक्टरचा उतार प्रदीप क्रिशन यांच्या हाती दिला. क्रिशन मूळचे चित्रपट दिग्दर्शक. ‘मॅसी साहिब’ हा त्यांचा १९८५ चा चित्रपट. पुढे ते झाडांकडे वळले आणि २००६ मध्येच त्यांचे दिल्लीच्या झाडांवरचे पुस्तक आले. जोधपूरमध्ये पहिले काम लावण्याचे नव्हते, काढण्याचे होते. बाभळीचे मूळ खडकाच्या फटीत हातभर खाली गेलेले असते. तेवढे खणल्याशिवाय ती मरत नाही. यंत्रांनी ते साधेना. शेवटी खंडवालिया या परंपरागत खाणकामगारांना बोलावले गेले. छिन्नी-हातोड्याने दगडाचा आवाज ऐकत, त्याची रेघ कुठे सुटते हे ओळखत त्यांनी एकेक बाभूळ मुळासकट काढली. तिच्या जागी जो खड्डा झाला तोच नव्या रोपाचा खड्डा. बाभळीनेच खडकात वाट केली होती. त्याच वाटेने आता वाळवंटी खडकावरची मूळची झाडे-झुडपे खाली उतरली. राव जोधा डेझर्ट रॉक पार्क २०११ मध्ये लोकांसाठी उघडले.

या कामातला दुसरा अडसर फारसा चर्चिला जात नाही, पण शहरांच्या दृष्टीने तोच मोठा आहे. थोर, खींप, फोग, गुगुळ यांची रोपे बाजारात मिळतच नाहीत. सरकारी असो की खासगी, रोपवाटिका तीच रोपे वाढवते जी लवकर उंच होतात आणि वर्षभर हिरवी दिसतात. परिणामी पुण्यापासून जयपूरपर्यंत रस्त्याकडेला तीच सप्तपर्णी, तोच गुलमोहर, तेच बाटलीपाम. शहराच्या झाडांची यादी उद्यान अधीक्षक ठरवतो असे कागदावर असते. प्रत्यक्षात ती रोपवाटिका ठरवते. जोधपूरला म्हणून स्वतःची रोपवाटिका घालावी लागली. रानात हिंडून, कोणत्या झाडाचे बी कधी पिकते याचे टिपण ठेवून, ते गोळा करून, पेरून. बरेच बी पहिल्या खेपेला रुजले नाही.

किशनबाग हे या अनुभवाचे पुढचे पाऊल. जयपूर विकास प्राधिकरणाने नाहरगडच्या पायथ्याची सुमारे ६४ हेक्टर जमीन यासाठी दिली, आखणी क्रिशन यांच्याकडे सोपवली आणि डिसेंबर २०२१ मध्ये उद्यान खुले झाले. इथे खडक कमी, वाळू जास्त. टेकड्यांचा चढउतार आहे तसा राखला आहे. बुलडोझरने सपाट करून त्यावर माती टाकण्याचा नेहमीचा मार्ग इथे पत्करला असता तर उद्यानाचा विषयच संपला असता. टेकडीवर फळ्यांची पायवाट जाते, कारण वाळूवर पावले पडत राहिली तर गवताची मुळे सुटतात आणि टेकडी पुन्हा वाऱ्यावर चालू लागते. वाट एका अधिवासातून दुसऱ्यात नेते. वाळूवरची झुडपे, मग गवताळ रोही, मग खडकावरचा धोक. गवतांना इथे झाडांइतका मान आहे, आणि भारतीय उद्यानात ही गोष्ट दुर्मीळ आहे. आपल्याकडे गवत म्हणजे एक तर लॉन, नाही तर तण.

किशनबागेत पहिल्यांदा येणाऱ्या माणसाची निराशा होते, हेही सांगितले पाहिजे. फुलांचे ताटवे नाहीत, कारंजे नाही, गर्द सावली नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा खेजडीची जाळीदार सावली फारशी कामाची नसते आणि अर्ध्या झाडांवर पान नसते. बागेत निष्पर्ण झाड दिसले की ते मेले, पाणी घातले नाही, असा समज होतो. शुष्क पानझडी रानात निष्पर्ण होणे हा झाडाचा शहाणपणा असतो. खेजडी नेमकी याच्या उलट वागते. बाकीची रिकामी असताना ऐन उन्हाळ्यात नवी पालवी धरते. रोहिडा वसंतात केशरी-पिवळा फुलतो, त्याच सुमारास पळस. कैराला विटकरी-तांबडी फुले येतात. पावसाळ्यानंतर गवते तुऱ्यावर येतात आणि वाऱ्याबरोबर सबंध टेकडीचा रंग हलतो. ज्या बागेला ऋतू आहेत ती पाहायला वर्षातून चारदा यावे लागते. एकाच भेटीत पैसे वसूल व्हावेत अशा अपेक्षेने आलेल्यासाठी ती आखलेलीच नाही.

पाण्याचा हिशेब मात्र निराशेला पुरून उरतो. जयपूरला वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा अडीच-तीन महिन्यांत. शहराला पाणी देणारा रामगड तलाव, जिथे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतल्या नौकाशर्यती झाल्या, नंतर कोरडा पडला. आता शहर शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचे पाणी पिते. अशा गावात हिरवळीचा चौकोन उन्हाळाभर जगवायचा म्हणजे रोज पाणी, आठवड्याला कापणी आणि खत. रोहीतले झुडूप पहिली एक-दोन वर्षे सांभाळले की पुढे पावसावर भागवते.

जयपूरची जुनी उद्यानपरंपरा याहून वेगळी होती, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये शहर वसवले तेव्हा जयनिवास बाग त्याच्या मध्यभागी होती. भिंतीच्या आत पाण्याचे पाट, चार भागांत कापलेली जमीन, ठरवून लावलेली झाडे. चारबाग म्हणजे वाळवंटाकडे पाठ करून केलेली खोली. १८६८ मध्ये सवाई रामसिंग दुसरे यांनी दुष्काळी काम म्हणून रामनिवास बाग काढली ती इंग्रजी धाटणीची, मोकळ्या हिरवळीची. दोन्ही बागा कुठल्या तरी दूरच्या देशाची आठवण होत्या, पहिली इराणची आणि दुसरी इंग्लंडची. खातीपुऱ्यासारख्या वसाहतीतली चौकोनी बाग ही या दुसऱ्या बागेची नात.

वनानुभवाच्या नावाखाली सध्या सगळ्यात जास्त खपणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञाने जपानी देवळांभोवतीच्या राखीव वनांचा अभ्यास केला, त्या त्या जागेची मूळ वनसंपदा कोणती हे ठरवले आणि तीच झाडे दाट लावून कमी वर्षांत वन उभे करण्याची रीत घालून दिली. भारतातल्या महापालिकांनी आणि कंपन्यांनी यातली दाटी उचलली, चौरस मीटरला तीन किंवा अधिक रोपे, आणि आधीचा अभ्यास वाटेत सांडला. ज्या भूमीवर निसर्ग स्वतः झाडे विरळ लावतो तिथे अशी दाटी करणे हा मियावाकींच्याच तत्त्वाचा भंग आहे. शिवाय त्या गचपणात माणूस शिरू शकत नाही. बाहेरून हिरवी भिंत दिसते, उद्घाटनाचा फलक दिसतो. हवेसाठी, पाखरांसाठी तिचा उपयोग असेल. सार्वजनिक जागा म्हणून तो शून्य आहे. मियावाकींनी जे जपानी देवळाभोवती शोधले ते शोधायला जयपूरकरांना ‘ओरण’ आहे, देवाच्या नावाने राखलेले रान, आणि मराठी माणसाला देवराई. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला तेव्हापासून या गोष्टीकडे दुर्लक्ष करायला सबब उरलेली नाही.

जयपूरमध्येच दुसऱ्या टोकाचे उदाहरण आहे. नाहरगडच्या डोंगरात उगम पावून शहरातून दक्षिणेला जाणारी द्रव्यवती नदी बरीच वर्षे अमानीशाह नाला म्हणून ओळखली जाई. सुमारे ४७ किलोमीटर लांबीचा तिचा पुनरुज्जीवन प्रकल्प २०१८ मध्ये लोकार्पित झाला. सांडपाण्याची शुद्धीकरण केंद्रे, चालण्याचे व सायकलचे मार्ग, बागा हे सगळे झाले. पण पात्राला काँक्रीटचे अस्तर मिळाले. अशा काठावर फिरता येते. तिथे खींप उगवत नाही, बगळ्याला चिखल मिळत नाही.

सबंध टेकडी हाताशी असेल तर किशनबाग करता येते; खातीपुऱ्यातल्या वसाहतीपाशी एखादा एकर असतो, कधी त्याहून कमी. तेवढ्यात काय जमेल? बरेच जमते, पण क्रम नीट लावावा लागतो. फाटकाजवळ कडुलिंब, पिंपळ, वड अशी भरघोस सावलीची झाडे हवीत. दुपारी बसायला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा हक्क वनस्पतिशास्त्राच्या आधी येतो. त्यांच्यापुढे जागा हळूहळू विरळ होत गेली की सावलीतून उजेडात जाण्याचा तो अनुभव, जो जंगलाच्या कडेला मिळतो, आपोआप तयार होतो. मधला हिरवळीचा चौकोन सेवण-धामण गवताचा करता येतो. मुलांना खेळायला कापलेला एक तुकडा ठेवावा, उरलेले गवत वाढू द्यावे, बी पडल्यावर, म्हणजे हिवाळ्यात, कापावे. वाळलेले गवत पेट घेते, म्हणून ही कापणी चुकवून चालत नाही. फरशीच्या फेरीऐवजी दाबलेल्या मुरमाची वाट पुरते. चाकाची खुर्ची ढकलता येईल इतकी ती घट्ट असली पाहिजे.

भीतीचा प्रश्न याहून अवघड आहे. जंगलात जे आडोसे मनाला भुरळ घालतात तेच शहरात संध्याकाळी एकट्या बाईच्या जिवाला घोर लावतात. दाट झुडपे आणि अंधारी वळणे पाहून वाट बदलणाऱ्या बाईला अ‍ॅपलटनचा सिद्धांत ऐकवण्यात अर्थ नसतो. अनेक नगरपालिका यावर एकच उपाय जाणतात, झुडपे साफ करणे आणि हायमास्ट दिवा लावणे. जांगल रानाची रचना इथे उपयोगी पडते, कारण ते मुळातच आरपार दिसणारे रान आहे. झुडपे गुडघ्या-कंबरेइतकी, झाडांच्या फांद्या डोक्याच्या वर, आणि मधला पट्टा नजरेला मोकळा. वळण असावे पण वळणापलीकडची वाट झाडांच्या बुंध्यांमधून दिसत राहावी, एकाहून अधिक वाटांनी बाहेर पडता यावे. घाटातल्या ओल्या जंगलाची नक्कल करून हे साधत नाही. रोहीची केली तर साधते.

उरते ती निगा, आणि बहुतेक चांगल्या आखण्या तिथेच मरतात. बागेचे कंत्राट झाडलोट, पाणी आणि छाटणी यांवर दिले जाते. माळ्याने पाचोळा ठेवला तर तो कामचुकार ठरतो, गोळा करून जाळला तर चोख. पण पाचोळा म्हणजे उद्याची माती. कोरड्या प्रदेशात ती माती करण्याचे बरेचसे काम वाळवी करते, आणि वाळवी दिसली की बागेत औषध फवारले जाते. कंत्राटात पाचोळ्यासाठी एक ओळ घालणे कुठल्याही नव्या यंत्रापेक्षा स्वस्त आहे. सापही येतील, हे मान्य करावे लागते. ज्या शहरात झालाना आणि नाहरगडच्या डोंगरांतून बिबटे अधूनमधून वस्तीत उतरतात, त्या शहराला धामणीचे फार अप्रूप वाटू नये.

सगळेच रान लावावे लागते असेही नाही. ॲमस्टरडॅमने १९३४ मध्ये बेकारांना काम म्हणून सुमारे एक हजार हेक्टरचे वन मातीपासून घडवायला घेतले, ते आज तिथल्या लोकांचे रोजचे रान आहे. पण बर्लिनमध्ये १९५२ साली बंद पडलेल्या एका रेल्वे यार्डात रुळांमधून झाडे आपली आपण उगवली. शहराने ती तोडली नाहीत. रुळांच्या रेघेवरून वाटा काढल्या आणि सुमारे १८ हेक्टरचे स्यूडगेलेंडे उद्यान २००० मध्ये उघडले. मुंबईत धारावीच्या जुन्या कचराभूमीवर माहीम निसर्ग उद्यान घडले. १९८३ मध्ये पहिले रोप सालिम अलींच्या हस्ते लागले, आणि १९९४ मध्ये हे ३७ एकरांचे उद्यान लोकांसाठी खुले झाले. मिठीच्या काठावर, रेल्वे आणि रस्त्यांच्या गोंगाटात ते आजही उभे आहे.

जयपूरला अशी आयती संधी टोंक रस्त्यालगत मिळाली होती. डोल का बाढ नावाच्या सुमारे १०० एकर जागेवर, जी उद्योगासाठी घेतली गेली आणि बरीच वर्षे पडून राहिली, खेजडीसकट शेकडो झाडे आपणहून वाढली आणि पाखरे आली. तिथे पीएम युनिटी मॉल आणि इतर बांधकामे करण्याचे ठरले तेव्हा नागरिकांनी आंदोलन केले. ज्या राजस्थानात १७३० मध्ये खेजडली गावी अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी खेजडीसाठी प्राण दिले, तिथे हा वाद उभा राहावा याचे आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य हे की, एकीकडे वाळूवर रोही नव्याने लावायला पैसे खर्चणारे शहर दुसरीकडे उगवलेली रोही मोकळा भूखंड म्हणून मोजते. लावलेल्या रानाचे उद्घाटन करता येते. आपणहून उगवलेल्याचे करता येत नाही.

खातीपुऱ्यासारख्या वस्तीत अशा जागा अजून उरल्या असतील तर त्या भिंतीलगत, रुळालगत, नाल्याच्या कडेला असतील, आणि त्यांत बहुतेक ठिकाणी वेडी बाभूळ असेल. ती काढून तिच्याच खड्ड्यात खेजडी लावायची म्हटली तर घाई उपयोगाची नाही. खेजडीचे रोप पहिली काही वर्षे वर फारसे दिसत नाही, कारण त्याचे मूळ पाण्याच्या शोधात खाली चाललेले असते. पाच वर्षांच्या कारकिर्दीत मोजता येईल अशी उंची ते कुणालाच देत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत राजस्थानला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या यादीत आमेर, हवामहल, जलमहल ठरलेले असतात, आणि संध्याकाळच्या थाळीत केर-सांगरीची भाजी. त्यातला केर म्हणजे नेपतीचे फळ आणि सांगरी म्हणजे खेजडीची शेंग. ही दोन्ही झाडे ज्या रानात वाढतात ते रान शहराच्या आतच, किशनबागेत, पायी फिरून पाहता येते. कार्तिकात गवत सोनेरी झालेले असते आणि धोकाची पाने अजून झाडावर असतात. तिकीट काढावे लागते, आणि जायचे ते सकाळी लवकर.